गॅस लीक शोधायला काय घ्यायचं: साबणाचं पाणी, हीटेड डायोड की इन्फ्रारेड

एसीतला गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी बाहेर गेलाय, कारण बंद पाइपिंगमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो, वापरून संपत नाही. त्यामुळे लीक न शोधता नुसता टॉप-अप मारून जायचं हे काम मला अजिबात पटत नाही, गिऱ्हाइकाचे पैसे पुन्हा पुन्हा जातात आणि आर-४१०ए सारखा गॅस हवेत सुटला तर १०० वर्षांच्या हिशोबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटीहून जास्त तापमानवाढ करतो. तर ज्यांना पहिलाच इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर, म्हणजे आपल्या बोलीत मीटर, घ्यायचाय आणि कुठला घ्यावा कळत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी साबणाचं पाणी, कारण बरेच जण म्हणतात मीटर कशाला, फेस पुरतो. फ्लेअर नट (पाइप जोडायचा पितळी नट), सर्व्हिस व्हॉल्व्हची (गॅस भरायच्या तोंडाची) पिन, उघड्यावरचं ब्रेझिंग (धातू वितळवून केलेला पाइपचा जोड), इथे खरंच पुरतो, आणि नेमकं कुठल्या बिंदूतून येतंय हे फेसाइतकं स्वच्छ कुठलंच मशीन दाखवत नाही. पण इनडोअरच्या कॉइलमध्ये फिन्सच्या, म्हणजे पातळ पत्र्यांच्या, आत ब्रश जाणार कसा? आणि लीक अगदी बारीक असेल तर बुडबुडा यायला इतका वेळ लागतो की तोवर आपण पुढच्या जॉइंटवर गेलेलो असतो. भांडी घासायचा साबण मात्र नको, त्यातल्या क्षारांनी पितळ-तांब्यावर गंज धरू शकतो, लीक टेस्टचं तयार लिक्विड मिळतं ते घ्या आणि काम झालं की पुसून टाका.

आता मीटर. जुन्या पद्धतीचे कोरोना डिस्चार्जवाले, म्हणजे टोकाशी हाय व्होल्टेज लावून चालणारे, स्वस्त मिळतात पण धूळ आणि ओलावा लागला तरी बोंबलतात आणि क्लोरीन नसलेल्या नव्या गॅसला कमी प्रतिसाद देतात. ते सोडून द्या. खरी निवड उरते हीटेड डायोड आणि इन्फ्रारेडमध्ये.

हीटेड डायोडमध्ये टोकाशी तापलेला सिरॅमिक सेन्सर असतो, गॅस त्यावर आला की रेणू तुटतो, क्लोरीन किंवा फ्लोरीनचे आयन सुटतात आणि करंट वाढून बीप येतो. रिस्पॉन्स झटपट आहे, बारीक लीकही छान पकडतो, आणि इन्फ्रारेडपेक्षा सहसा स्वस्त पडतो. पण सेन्सर झिजतो, चालू ठेवलेल्या तासांवर त्याचं आयुष्य ठरतं, म्हणजे रोज वापरणाऱ्याला तो बदलत राहावा लागतो आणि तो खर्च मीटरच्या किमतीत कुणी धरत नाही. टोकाला ऑइल किंवा पाणी लागलं की सेन्सर खराब, आणि एकदम गॅसचा मोठा झोत बसला तर काही वेळ तो बधिर होतो. शिवाय क्लोरीनवाले क्लीनिंग केमिकल आसपास असतील तर त्यालाही वाजतो.

इन्फ्रारेडमध्ये आतला पंप हवा ओढतो, त्यातून इन्फ्रारेड किरण जातो आणि गॅसमधला कार्बन-फ्लोरीन बंध ठराविक तरंगलांबीचा किरण शोषतो, ते मीटर मोजतं. काही झिजायचं नसल्यामुळे सेन्सर वर्षानुवर्षं चालतो आणि खोटे अलार्म बरेच कमी. किंमत जास्त आहे, रिस्पॉन्स थोडा सावकाश आहे, आणि एक सवय बदलावी लागते: हा गॅसमधला फरक बघतो, त्यामुळे प्रोब एकाच जागी धरून बसलात तर तिथल्याच हवेला तो शून्य धरतो आणि गप्प होतो, नवीन माणसाला वाटतं लीक नाहीच. प्रोब हलता ठेवायचा.

माझं मत सरळ आहे. रोज चार घरी जाऊन सर्व्हिसिंग करत असाल तर पैसे साठवून इन्फ्रारेडच घ्या, सेन्सरचा बदली खर्च धरला की फरक कमी होतो आणि खोट्या बीपमागे जाणारा वेळ वाचतो तो वेगळाच. कधीमधी लागतो म्हणणाऱ्याला हीटेड डायोड भरपूर झाला, फक्त टोक जपा. अल्ट्रासॉनिक मीटर, जे गॅस सुटण्याचा आवाज ऐकतं, ते कुठल्याही गॅसला चालतं, नायट्रोजनलासुद्धा, पण बारीक लीक आवाजच करत नाही, तेव्हा पहिलं मीटर म्हणून नको. यूव्ही डाय, म्हणजे गॅसबरोबर आत सोडायचा आणि यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग, तेव्हाच, जेव्हा लीक इतका हळू आहे की काही आठवड्यांनी परत येऊन बघणं परवडतं.

डब्यावरच्या सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याला फार भुलू नका. युरोपच्या नियमात डिटेक्टर वर्षाला ५ ग्रॅमची गळती पकडणारा हवा, आणि चांगले मीटर त्याहून बारीक पकडतात, घरगुती एसीला तेवढं पुष्कळ झालं. त्यापेक्षा कुठल्या गॅसला चालतं ते वाचा. आर-३२ हा एसीतला गॅस थोडा ज्वलनशील आहे, तेव्हा मीटर त्यासाठी सुरक्षित आहे असं लिहिलेलं असलंच पाहिजे. आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्यात ना क्लोरीन ना फ्लोरीन, हीटेड डायोड तिथे गप्प बसणार, फ्लोरीनच्या बंधावर लावलेलं इन्फ्रारेडही बसणार, त्याला ज्वलनशील गॅसचा वेगळा डिटेक्टर लागतो. हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून विचारून घ्या.

वापरताना एसी बंद करून थोडा वेळ थांबा, म्हणजे इनडोअर कॉइलमधलं प्रेशर वाढतं, चालू एसीत तिथे प्रेशर कमी असतं आणि पंखा गॅस उडवून लावतो. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जॉइंटच्या खालच्या बाजूने प्रोब न्या, पृष्ठभागापासून अर्धा सेंटीमीटर आणि सेकंदाला दोन-अडीच सेंटीमीटर, इतकं सावकाश. जिथे ऑइलचा चिकट डाग दिसतो तिथून सुरुवात करा. बीप आला की प्रोब स्वच्छ हवेत न्या, शांत होऊ द्या, परत आणा, त्याच जागी पुन्हा वाजला तरच माना, आणि मग तिथे फेस लावून बिंदू पक्का करा. पाइपवरच्या इन्सुलेशनच्या काही फोममधून सुटणाऱ्या गॅसलाही मीटर वाजतं, तेव्हा नुसत्या पाइपवर बघा.

कॉइल पूर्ण रिकामी झाली असेल तर कुठलंच मीटर काही दाखवणार नाही, त्याला नाकाशी गॅस हवा ना! तिथे कोरडा नायट्रोजन भरून, प्रेशर कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत ठेवून, गेज बघत थांबायचं आणि फेस मारायचा. तापमान बदललं की गेजही हलतो हे ध्यानात ठेवा, नाहीतर सावली-उन्हाच्या फरकालाच लीक समजाल. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा चुकूनही भरू नका, आतल्या ऑइलबरोबर स्फोट होऊ शकतो.