कर्ज माफ करून देणाऱ्या ‘पॅनेल वकिलां’पासून सावध रहा

धाकट्या भावाचा धंदा बसला, दोन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन अंगावर, वर रिकव्हरीवाल्यांचे फोन. अशात मोबाईलवर जाहिरात दिसली, ‘दिवाळखोरी कायद्याखाली सगळं लोन माफ, आमचे पॅनेल वकील बघतील’. फोन केला तर पलीकडच्या मॅडम इतक्या गोड की विचारू नका. दादा टेन्शन घेऊ नका, आता ईएमआय भरायचा नाही, बँकेचा फोन उचलायचा नाही, कोर्टाचा स्टे आला की कोणी तुमच्या दारात येणार नाही.

मग सुरू झालं. आधी रजिस्ट्रेशन फी, मग ड्राफ्टिंग, मग कोर्ट फी, मग ‘अर्जंट हिअरिंग’चे वेगळे, सगळे यूपीआयवर आणि दरवेळी भलत्याच माणसाच्या नावावर. पावती मागितली की ‘अकाउंट्सवाले पाठवतील’. वकीलपत्रावर सही तर घेतलीच नाही, आणि त्याशिवाय वकील आपल्या वतीने कोर्टात उभा कसा राहणार? केस नंबर मागून मागून एकदाचा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर टाकला, काहीच नाही. नीट बघितलं तर सुरुवातीला ई, शेवटी आयएन, एकूण १३ अक्षरं. अहो, स्पीड पोस्टचा ट्रॅकिंग नंबर तो! बँकेला एक फालतू नोटीस पाठवली होती, तिचा. खऱ्या केसचा सीएनआर नंबर १६ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर एमएचने सुरू होतो.

नंतर जिल्हा कोर्टातल्या एका वकीलसाहेबांना भेटलो, त्यांनी तर डोक्यालाच हात लावला. २०१६ चा जो नवा दिवाळखोरी कायदा हे लोक दाखवतात, त्यातला व्यक्तींचा भाग सध्या फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. बाकी तुमच्याआमच्यासाठी अजून १९२० चा नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचाच जुना कायदा, मुंबईत १९०९ चा. आणि त्यात नादार ठरलात तर मालमत्ता कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, नुसतं ‘माफ’ असं काही नसतं. वकिलाला जाहिरात करायला आणि निकालावर फी ठरवायलाही बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, म्हणजे ‘जेवढं माफ होईल त्याच्या टक्के’ म्हणणारा तिथेच ओळखावा.

इकडे ईएमआय थांबवल्यामुळे व्याज आणि दंड चढला, सिबिल गेलं ते वेगळंच, आणि त्याबद्दल मॅडमना विचारलं तर ‘फी नॉन-रिफंडेबल आहे सर’. दादाचं सर झालं बघा.

आता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीये. तिथे प्रत्येक पेमेंटचा ट्रान्झॅक्शन आयडी मागतात, म्हणून कोणी यात अडकलं असेल तर चॅट आणि स्क्रीनशॉट आत्ताच सेव्ह करून ठेवा, कारण आम्ही वकिलाचा सनद नंबर (वकिलीच्या परवान्याचा) विचारल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते जुने मेसेज डिलीट करायचं.