नागपूर–वर्धा रोजची ये-जा आणि जुनी डिझेल स्विफ्ट : तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

गाडी मारुती स्विफ्ट व्हीडीआय, २०१५चे मॉडेल, १२४८ सीसीचे डीडीआयएस इंजिन, ७५ पीएस ताकद. रोजची धाव नागपूर ते वर्धा आणि परत, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळे पाहून झाले आहे, तेव्हा आता बरे-वाईट दोन्ही लिहिता येईल.

आधी पैशाचे बोलू. महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या खाली गाडी चालणार असेल तर जुन्या डिझेलच्या नादी लागू नका. ॲव्हरेज टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजले तर नागपुरातल्या छत्रपती चौक ते जामठ्यापर्यंतच्या गर्दीसकट, एसी लावून, २१च्या आसपास पडते. वाटेतल्या बुटीबोरीच्या पुढे ८०-९०चा वेग धरून ठेवला तर २३. ११०च्या वर पळवली की १८-१९वर येते. कंपनीचा २५.२चा आकडा कागदावरच ठेवा. याच रस्त्यावर छोटी पेट्रोल गाडी १७-१८ देते. डिझेल नव्वद आणि पेट्रोल एकशेचार रुपये धरले तर किलोमीटरमागे दीड-पावणेदोन रुपये वाचतात. महिन्याला ३३०० किलोमीटर चालवणाऱ्याचे पाच हजारांवर वाचतात. ८०० किलोमीटर चालवणाऱ्याचे तेराशे, आणि ते एकच इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) वर्षभराचे गिळून टाकतो. सीएनजीचे म्हणाल तर नागपूरकरांनी २०२२मध्ये १२० रुपये किलोचा भाव पाहिलेला आहे. नंतर तो उतरला, पण त्या भरवशावर सिलिंडरसाठी डिकी घालवायची तर आपल्या गावचे पंप आधी मोजून घ्या.

स्विफ्टच का? हे मूळचे फियाटचे १.३ मल्टिजेट इंजिन. मारुती, टाटा, फियाट, शेवरोले सगळ्यांनी वापरले, म्हणून गाडीवाल्यांत त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणतात. मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल बंद केले तरी पार्ट अडत नाहीत आणि हात बसलेला मेस्त्री तालुक्यालाही सापडतो. ७५ पीएसवाल्यात साधा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आहे. ९० पीएसवाल्या सियाझ-अर्टिगातला बदलत्या पात्यांचा टर्बो जास्त पळतो, पण त्यात काजळी धरून अडकायला एक जागा जास्त. रोजच्या कामाला साधाच बरा. बीएस-४ (एप्रिल २०२०आधीच्या प्रदूषण-निकषांच्या) गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नाही, ही जुन्या गाडीत मोठी सोय आहे. फिगो १.५ चालवायला जास्त मजेची, यात वाद नाही, पण तिला टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग तालात फिरवणारा, मुदतीने बदलावा लागणारा पट्टा) आहे आणि फोर्डने २०२१मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. आय-ट्वेंटी १.४ दणकट आहे, फक्त चांगली मिळाली तर महाग.

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला एकच अट घाला : आम्ही येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. पोचल्यावर बोनेटखाली हात लावून इंजिन थंड आहे का पाहा. मग चावी फिरवायची आणि इंजिनच्या बाहेरच्या बेल्टच्या बाजूला कान द्यायचा. या इंजिनला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे आणि ‘चेन आहे, आयुष्यभर बघावे लागत नाही’ हे दलालाचे पेटंट वाक्य आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. आधीच्या मालकाने ऑईल दहाऐवजी वीस हजार किलोमीटरवर बदलले असेल तर काजळीने घट्ट झालेले ऑईल टेन्शनरपर्यंत वेळेत पोचत नाही आणि चेन ढिली पडते. थंड इंजिनला पहिले दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, मग आवाज विरतो. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर हा आवाज ऐकायला मिळणारच नाही. खडखड पाच सेकंदांवर टिकली, तर चेन किट धरूनच भाव पाडा, नाहीतर निघा. चेनचा दात सुटला तर रॉकर (वाल्व्ह दाबणारे दांडे) तुटतात, नशीब फुटके असेल तर वाल्व्ह वाकतात.

धूर पाहा. निळसर म्हणजे ऑईल जळतेय, टर्बो किंवा पिस्टनची रिंग. पांढरा आणि डिझेलचा वास म्हणजे इंजेक्टर. पांढरा, गोडसर वासाचा आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधले सील). ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा लोट आणि पिकअप गायब असेल तर आधी इंटरकूलरचा होज (टर्बोची हवा नेणारी नळी) फाटलाय का ते बघा. तो स्वस्तातला रोग आहे, पण विकणारा त्यालाच ‘टर्बो गेला’ समजून गाडी स्वस्तात काढतो, असा सौदा क्वचित आपल्या पदरात पडतो. गाडी चालू असताना ऑईलचे झाकण काढा. हलकी वाफ चालते, फुसफुस करत झाकण उडू पाहत असेल तर इंजिन आतून झिजले. डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल खुणेच्या वर असेल तर खूश होऊ नका, इंजेक्टर गळून डिझेल ऑईलमध्ये उतरत असते. इंजेक्टरचा लीक-बॅक टेस्ट करून घ्यावा : चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडतात, इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न देता चालू) ठेवतात, ज्याची बाटली इतरांहून लवकर भरते तो गेला. नागपूरजवळच्या वाडीकडे ट्रकचा धंदा असल्याने पंप-नोझलचे काम जाणणारे तिकडे भेटतात.

मीटर मागे केलेले ओळखायला पॅडलचे रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची कड बघा, आणि गाडी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद काढा. शेवटची नोंद ९८ हजारांची आणि मीटरवर ७२ हजार, असे प्रकार सर्रास आहेत. खरे सांगायचे तर दीड लाख चाललेली पण दर दहा हजाराला ऑईल बदललेली गाडी ऐंशी हजाराच्या बेवारशी गाडीपेक्षा कधीही चांगली.

पासिंगचे, म्हणजे आरटीओ नोंदणीचे. नागपूरची एमएच ३१, ४९ किंवा ४० असेल तर काम सरळ. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्यांची किंमत पाहून जीव हरखतो, पण तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश आले म्हणूनच त्या इकडे येऊ लागल्या. त्यावर तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी, इथला वयानुसार एकरकमी कर आणि नवा नंबर हा सगळा खर्च धरा. शिवाय तिकडच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचे इंजिन जेवढे तास चालले, ते मीटरवर दिसत नाहीत. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आधीचा फास्टॅगही बंद करून घ्या, नाहीतर टोल त्याचा कटत राहतो आणि फोन तुम्हाला येतात. ऑगस्ट २०२५मध्ये फास्टॅगचा ३००० रुपयांचा वार्षिक पास आला तो २०० फेऱ्यांचा किंवा वर्षाचा, जे आधी संपेल ते. म्हणजे रोज जाऊन-येऊन एक टोल ओलांडणाऱ्याचा तो शंभर दिवसांत संपतो. समृद्धी महामार्गावर तो चालत नाही.

आता विदर्भातली खरी परीक्षा, म्हणजे उन्हाळा. ४५च्या वर पारा, एसी फुल्ल आणि मेट्रोच्या पुलाखाली सिग्नलला उभी गाडी. जुन्या डिझेलचा कस तिथे लागतो. गाडी घेतल्या-घेतल्या कूलंट पूर्ण काढून टाका. थंड इंजिनवर रेडिएटरचे झाकण उघडून बोट फिरवले तर चांगला कूलंट रंगीत आणि स्वच्छ लागतो, टॅपचे किंवा बोअरचे पाणी घातलेल्या गाडीत विटकरी गाळ बोटाला येतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड, त्याचे खवले रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर, झाकणाचे रबर कडक झाले असेल तर झाकण नवे. झाकण शे-दोनशेचे, पण दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळते. फॅनची परीक्षा : एसी लावून गाडी वीस मिनिटे उभी ठेवा. फॅन सुरू व्हायला हवा, काटा मध्याच्या वर जाता कामा नये. एप्रिलच्या आधी एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांची जाळी मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. मोठा प्रेशर पंप मारला तर पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात.

ऑईल तीन-सव्वातीन लिटर लागते. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलीच घाला, ‘उन्हाळा आहे, जाड ऑईल टाकतो’ म्हणणाऱ्या मेस्त्रीला नम्रपणे नाही म्हणा. बदलल्यावर दोन दिवसांत ते काळे झाले तरी घाबरू नका, डिझेलमध्ये तसेच होते. हायवेवरून थेट आत येऊन थांबलात तर बंद करण्याआधी मिनिटभर आयडलला राहू द्या, टर्बोच्या बेअरिंगवरचे ऑईल नाहीतर तिथेच करपते.

डिझेल फिल्टर वीस हजारावर बदललेला बरा, आणि पावसाळ्यात त्यातले पाणी काढून टाकावे. बदलताना हवा नीट काढली नाही तर गाडी सेल्फ मारत बसते आणि लोक उगाच बॅटरीला दोष देतात. एअर फिल्टर बुटीबोरीच्या धुळीत दहा हजाराची वाट पाहत नाही, पाच हजारावर काढून झटकावा. ईजीआर वाल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने अर्धवट उघडा राहतो, आयडल डळमळते, काळा धूर येतो. काढून साफ केला की पुढचे वर्ष-दीड वर्ष निभावते.

टायर पुढचे लवकर झिजतात, कारण डिझेल इंजिनचे वजन पुढेच. आठ-दहा हजारावर पुढचे मागे करा. सिमेंट रस्त्यावर मेमध्ये टायरचे वय झिजेपेक्षा महत्त्वाचे : बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी शिल्लक असली तरी काढा. हवा सकाळी थंड टायरवर मोजायची, तापलेल्या टायरमधून ‘जास्त भरलीय’ म्हणून कधीच सोडायची नाही.

खटकणाऱ्या गोष्टी. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन झोपलेले असते, त्यामुळे ट्रकला ओव्हरटेक करताना एक गिअर खाली घ्यावाच लागतो. डिकी २०४ लिटरची, म्हणजे दोन बॅगांत संपते. एअरबॅग आणि एबीएस त्या काळी सगळ्या गाड्यांत सक्तीचे नव्हते. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले होते. हायवेच्या गाडीत हे दोन्ही नसतील तर पंचवीस हजार स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारी रबरे) बसले की आयडलला सगळे केबिन थरथरते, हे कळायला उशीर लागतो, कारण ते हळूहळू वाढते. आणि हेडलाइट. दहा वर्षांत काचा पिवळ्या पडतात, वाटेतल्या केळझरच्या अंधारात समोरून आलेल्या गाडीच्या उजेडापुढे आपली बत्ती दिसेनाशी होते. काचा पॉलिश करून घेतल्या की फरक लगेच कळतो, बल्ब मात्र मूळ ६०/५५ वॅटचाच ठेवा. शंभर वॅटचा घातला तर होल्डर वितळतो आणि वायरिंगचे काम वेगळे निघते.