बदामीला गेलात तर गाईड कराच, टेम्पो मात्र स्वतः बघून ठरवा

कॉलेजची आमची नऊजणांची गँग, सगळे टिळकवाडी-अनगोळ-शहापूरचे, दर वर्षी कुठंतरी जायचं ठरतं आणि शेवटी गोव्यालाच जातो. यंदा संज्या म्हणाला गुहा बघूया, जिथं आधीची माणसं राहायची तसल्या. मग बदामी ठरलं. हा रिव्ह्यू खरं म्हणजे दोन गोष्टींचा आहे, एक आम्ही बेळगावातनं केलेला टेम्पो आणि दुसरा बदामीत मिळालेला गाईड.

टेम्पोचं आधी उरकतो. फोनवर एसी, पुशबॅक सीट, सगळं कबूल. पहाटे पाचला गाडी आली ती बघूनच वैशीनं कपाळाला हात लावला. एसी सांबरा सोडेपर्यंत चालला आणि मग त्यातनं पाणी गळायला लागलं ते थेट पिंट्याच्या डोक्यावर, तो यरगट्टीपर्यंत टॉवेल गुंडाळून बसला होता. मालकाला फोन केला तर म्हणे "ड्रायव्हरला सांगा, बघतो." ड्रायव्हर मामा बिचारे चांगले, रामदुर्गाच्या अलीकडं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला, पण गाडी ती गाडीच. दोन स्टार, तेही मामांचे.

आता गाईड. तिकीट काढलं की चारपाच जण मागं लागतात, आम्ही म्हटलं नको, यूट्यूब आहे की. एक पन्नाशीचे अण्णा तेवढे काही न बोलता बाजूला उभे होते, आमची आपापसातली मराठी ऐकून म्हणाले, "बेळगावची काय तुम्ही?" बनशंकरी इथनं चार-पाच किलोमीटरवर, ती महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची कुलदेवी, त्यामुळं सांगली-सोलापूरची माणसं वर्षभर येतात, त्यांच्याकडनं मराठी शिकले म्हणे. मधी मधी कन्नड घुसायचं पण आम्हाला काय, आमचं पण तसंच. पैसे माणशी काढले तर एका साध्या जेवणाएवढे.

पहिल्या गुहेबाहेर अठरा हातांचा नटराज आहे. आम्ही फोटो काढून पुढं निघालो होतो तर अण्णांनी थांबवलं. एका बाजूचे नऊ हात, दुसऱ्या बाजूचे नऊ, आता डावीकडचा कुठलाही एक धरा आणि उजवीकडचा कुठलाही एक, बाकीचे हातानं झाका, दर वेळी नाचाची वेगळी मुद्रा. नऊ नव्वे एक्क्याऐंशी! संज्या इंजिनियर असून त्याला हे सुचलं नाही ते वेगळंच. तिथंच द्वारपालाच्या खाली एक बैल आणि हत्ती असे कोरलेत की दोघांचं डोकं एकच, एकीकडनं झाकलं की बैल, दुसरीकडनं झाकलं की हत्ती. यूट्यूब बघत गेलो असतो तर हे दिसलंच नसतं, शपथ.

तिसरी गुहा सगळ्यात मोठी, विष्णूची, त्यात इथल्या चालुक्य राजघराण्यातल्या मंगलेशाचा लेख आहे शके 500 चा, म्हणजे इ.स. 578. छतावर रंगीत चित्रांचे पुसट तुकडे अजून आहेत, पण ते कुठं बघायचं ते दाखवल्याशिवाय कळत नाही. चौथी जैनांची, बाहुबलीच्या अंगावर वेली चढलेल्या. तिथनं खाली अगस्त्य तलाव आणि पलीकडं भूतनाथाचं देऊळ दिसतं, तिथं सगळे अर्धा तास गप्प बसलो, आमच्या गँगसाठी हा रेकॉर्ड आहे.

पण संज्याचं तोंड पाडलेलंच. "ही तर देवळं झाली की, माणसं कुठं राहायची?" अण्णा हसले आणि म्हणाले उद्या सकाळी लवकर या, सिडलफडीला नेतो. कन्नडात सिडिलु म्हणजे वीज. वीज पडून दगडाला भोक पडलं असं गावात सांगतात. वाट म्हणजे काटेरी झुडपं आणि लाल दगड, सावली नाही. पोचल्यावर दोन अजस्र दगडांवर कमानीसारखं छप्पर आणि त्यातनं उजेड खाली पडलेला. भिंतीवर चालुक्यांच्याही कितीतरी आधीच्या माणसांनी काढलेली चित्रं, जनावरं, माणसं, पुसट तांबड्या रंगात. संज्या आत जाऊन जो मांडी घालून बसला तो उठेचना, "इथं पंखा पण नको रे" म्हणाला. आम्ही येताना एसीच्या नावानं बोंबललो होतो हे आठवून सगळे हसले.

परतीला ऐहोळेला पण अण्णाच आले. तिथल्या मेगुतीच्या देवळावर इ.स. 634 चा रविकीर्ती कवीचा लेख आहे, त्यात चालुक्य राजा पुलकेशीनं 99 हजार गावांची तीन महाराष्ट्रकं, म्हणजे महाराष्ट्राचे तीन भाग, मिळवली असं लिहिलंय. अण्णा हळूच म्हणाले, "तवाबी तीन होते." सीमाभागातल्या माणसाला यावर काय बोलावं कळत नाही, आम्ही नुसतं हसलो.

जेवण बदामीतच एका खानावळीत, ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगा चटणी, दही. नाव लक्षात नाही, पाटी कन्नडात आणि मी भुकेला. ऐहोळेजवळ अमीनगडचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घेतला, गोकाकच्यापेक्षा भारी असं पिंट्या म्हणतोय, त्याच्याशी मी सध्या बोलत नाही.

गाईडला पाचपैकी पाच. सिडलफडीला जाणार असाल तर आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, ऊन चढायच्या आत निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. आणि गुहांच्या पायऱ्यांवर माकडांसमोर कॅरीबॅग काढू नका, वैशीच्या आईनं दिलेले धपाटे डब्यासकट तिथंच गेले.