पुण्याहून सायकल टूर: ट्रेलर घ्यावा की पॅनियर?

सायकल टूरचं सामान एकतर ट्रेलरमध्ये, म्हणजे सायकलमागे जोडायच्या छोट्या गाड्यात, न्यायचं, नाहीतर पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या बॅगांत. कोकणात उतरायचं असेल तर पॅनियरच घ्या, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पुण्यातून कोकणाकडे कुठूनही निघा, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी असा कुठला ना कुठला घाट लागणारच, आणि सामान कशात न्यायचं हे घाटच ठरवतो.

आधी वजन. बॉब याकसारखा एकचाकी ट्रेलर रिकामाच ६ किलोच्या आसपास भरतो. मागचे दोन पॅनियर आणि कॅरिअर मिळून साधारण ३ किलोत बसतात. हा फरक सपाटीवर जाणवत नाही, महाडहून वरंधा चढताना मात्र चांगलाच जाणवतो. उतारावर त्रास निराळा. भरलेला ट्रेलर मागून ढकलत राहतो आणि वळणावर जोरात ब्रेक दाबला की एका अंगाला सरकू बघतो. समोरून एसटी येत असताना तर हे अजिबात नको. दोनचाकी ट्रेलरचं तर घाटात नावच काढू नका. सायकलची चाकं एका रेषेत जातात, त्याची मात्र त्या रेषेच्या डावी-उजवीकडून. तुम्ही शिताफीने चुकवलेल्या खड्ड्यात ट्रेलरचं एक चाक हमखास जातं.

पॅनियरचं दुखणं आहे ते मागच्या चाकाचं. तुमचं वजन आणि सामान दोन्ही त्याच्यावर, त्यात आपले गतिरोधक. स्पोक तुटतो तो बहुतेकदा गिअरच्या बाजूचा, आणि तो बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, उतरवावी लागते. म्हणून निघण्याआधी चांगल्या मेकॅनिककडून चाकाचा आऊट (डुगडुग) काढून स्पोक नीट ताणून घ्या. कॅरिअरवर वजनाची मर्यादा छापलेली असते, बहुधा २५ किलो, ती पाळा. बोल्ट रोज मुक्कामी एलन कीने (षटकोनी चावीने) तपासा. पेडल मारताना टाच बॅगेला घासत असेल तर बॅग थोडी मागे सरकवून अडकवा.

परतीचाही विचार करा. एसटीच्या टपावर सायकल चढवायची म्हणजे आधीच कंडक्टरची मनधरणी, ट्रेलर असला की तो आणखी एक नग. पॅनियर काढून सीटखाली ठेवता येतात.

मग ट्रेलर कुणी घ्यावा? ज्यांच्या फ्रेमला कॅरिअर बसवायची सोयच नाही त्यांनी. फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या एमटीबीवाल्यांना (माउंटन बाइक) तो सोयीचा पर्याय. चाकाला थ्रू-ॲक्सल, म्हणजे फ्रेममधून आरपार जाऊन आट्यांनी घट्ट बसणारा जाड आस, असेल तर ट्रेलरसाठीचा खास ॲक्सल आधी मिळवा. आणि मुलांना घेऊन पंढरपूर-सोलापूरच्या अंगाला तंबू, स्टोव्ह, अंथरूण-पांघरूण असं घरभर सामान न्यायचं असेल तर ट्रेलरला तोड नाही. याक ३० किलोपर्यंत सामान सहज ओढतो, वजन जमिनीलगत राहतं आणि सायकलच्या मागच्या चाकावरचा भार हलका होतो.

विकत घेण्याआधी कुणाकडून दोन दिवस मागून आणा. टूरला न्याल तेवढंच वजन भरा आणि भल्या पहाटे कात्रजचा जुना घाट एकदा चढून, एकदा उतरून बघा.