लिनक्स टाकताना डिस्क कशी वाटायची: साधी पार्टिशन, एलव्हीएम की बीटीआरएफएस?

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक दुकानात बिलिंगच्या कॉम्प्युटरवर मी उबुंटू लिनक्स टाकून दिलं होतं. 500 जीबीची डिस्क दोन पार्टिशनमध्ये, म्हणजे कप्प्यांत, वाटलेली: 30 जीबी सिस्टिमच्या रूटला आणि उरलेलं सगळं वापरणाऱ्याच्या फाइलींच्या होमला. ऐन मे महिन्यात मालकांचा फोन आला, "भाऊ, बिल सेव्हच होऊन नाही राहिलं." डेटाबेस व्हार फोल्डरमध्ये, म्हणजे रूटवर. रूट शंभर टक्के भरलेला आणि शेजारी होममध्ये चारशे जीबी रिकामे. आता पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायची, होम लहान करायचं, ते पुढे सरकवायचं आणि मग रूट वाढवायचा. पार्टिशन सरकवताना त्यातला डेटा खरोखर उचलून दुसरीकडे लिहिला जातो. मध्येच लाइन गेली तर सगळंच गेलं, आणि दुकानाचा बॅकअप आठ दिवसांचा जुना. इन्व्हर्टरच्या भरवशावर मी पहाटेपर्यंत त्या पुढे सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसलो होतो.

एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, म्हणजे डिस्कची जागा लवचिकपणे वाटायची सोय) असतं तर हेच काम दुकान चालू असताना मिनिटभरात झालं असतं. त्यात डिस्क आधी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जाते आणि त्या सामायिक साठ्यातून रूट, व्हार, होम असे लॉजिकल व्हॉल्यूम कापून घेतात. हा साठा साधारणपणे 4 एमबीच्या तुकड्यांत मोजला जातो आणि एका व्हॉल्यूमचे तुकडे शेजारीशेजारी असावेच लागत नाहीत. म्हणून वाढवताना काही सरकवावं लागत नाही. एलव्हीएक्सटेंड कमांडला आर हा पर्याय जोडला, की फाइल सिस्टिमही, म्हणजे त्या जागेत फाइली मांडणारी व्यवस्था, सोबतच वाढते.

पण साठ्यात शिल्लक असेल तरच हे जमतं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. डेबियन लिनक्सचा इन्स्टॉलर ग्रुपमधली किती जागा वापरू असं विचारतो आणि आकडा पूर्ण जागेचाच भरून दाखवतो. एंटर दाबलं की हातचा संपला. उबुंटू सर्व्हर उलट वागतो: मोठ्या डिस्कवरही रूटला 100 जीबीच देतो आणि बाकीची जागा मोकळी सोडतो. डिस्क कुठे गेली म्हणून लोक घाबरतात, पण मला तीच पद्धत बरोबर वाटते. वाढवणं सोपं असतं, कमी करणं नाही. ईएक्सटी4 ही नेहमीची फाइल सिस्टिम लहान करायची तर आधी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून काढावी लागते. रेड हॅटच्या लिनक्स घराण्यात 2014 च्या आवृत्ती 7 पासून एक्सएफएस ही फाइल सिस्टिम येते, ती लहान होईल हे तर धरूनच चालू नका.

एलव्हीएमला बॅकअप समजू नका. दोन डिस्क एकाच ग्रुपमध्ये साध्या जोडल्या आणि एक मेली, तर दोन्हींवर पसरलेला व्हॉल्यूम गेलाच समजा. साध्या स्नॅपशॉटला (डेटाची त्या क्षणाची जपलेली स्थिती) दिलेली जागा भरली की तो स्नॅपशॉटही बाद होतो.

बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये आकार ठरवायची कटकटच नाही. सबव्हॉल्यूम, म्हणजे तिच्यातले वेगळे भाग, एकच जागा वाटून घेतात, स्नॅपशॉट क्षणात होतो. फेडोरा लिनक्सच्या डेस्कटॉपवर 2020 च्या आवृत्ती 33 पासून तीच मिळते. स्वतःच्या लॅपटॉपला मी डोळे झाकून हीच घेईन. दुकानाच्या डेटाबेसला मात्र नाही. प्रत्येक बदल नव्या जागी लिहिण्याच्या तिच्या पद्धतीमुळे सतत बदलणाऱ्या मोठ्या फाइलचे तुकडे होत जातात. त्या फोल्डरपुरती ती सवय बंद करता येते, पण हे लक्षात ठेवणारं माणूस दुकानात नसतं.

साधी पार्टिशन कुणी ठेवावीत? विंडोजसोबत लिनक्स टाकणाऱ्या विद्यार्थ्याने, किंवा 128 जीबीची एसएसडी असलेल्याने. तिथे होम वेगळं काढूच नका, एकच मोठा रूट ठेवा.

दुकान, दवाखाना, क्लास, जिथे मशीन पाच-सात वर्षं चालायची आहे, तिथे एलव्हीएमच. मशीन सुरू होताना लागणारं ईएफआयचं छोटं पार्टिशन त्याच्या बाहेरच लागतं, बूटलाही मी 1 जीबी बाहेर देतो. 500 च्या डिस्कवर रूट 40, व्हार 60, होम 150 आणि बाकी मोकळं. इन्स्टॉल झाल्यावर वीजीएस कमांड देऊन शेवटचा व्हीफ्री, म्हणजे मोकळ्या जागेचा, रकाना बघा. तिथे शून्य दिसलं, तर मशीन मालकाच्या ताब्यात देण्याआधीच पुन्हा इन्स्टॉल करा.