डिक्शनरी ॲपमधल्या स्ट्रेसच्या खुणा, सात महिने वापरल्यावर

नागपूरच्या मिहानमध्ये फार्मा कंपनीत लागली तेव्हा कॉलवर समोरचा माणूस माझं 'स्टॅबिलिटी' दोन-दोनदा विचारायचा. ग्रामर ठीक, स्पेलिंग पाठ, तरी असं का होऊन राहिलं तेच समजेना. मग एक लर्नर्स डिक्शनरीचं ॲप घेतलं आणि सात महिने झाले, बर्डी ते खापरी मेट्रोत रोज तेच ऐकून राहिली.

पहिली गोष्ट, स्ट्रेस म्हणजे शब्द बोलताना एका सिलॅबलवर, म्हणजे शब्दाच्या एका तुकड्यावर, येणारा जोर. उच्चारातली ती छोटी उभी रेघ ज्या सिलॅबलच्या आधी असते त्याच्यावर जोर असतो. मी आठवडाभर रेघेच्या मागचं सिलॅबल दाबत होती, म्हणून हे आधीच सांगते.

दुसरं म्हणजे नुसतं एक सिलॅबल जोरात म्हणून भागत नाही, बाकीचे स्वर बारीक करावे लागतात, आणि मराठी माणसाला हेच जड जातं कारण आपण सगळी अक्षरं पूर्ण म्हणतो. 'स्टेबल'मधला 'स्टे' स्पष्ट आहे, पण पुढे 'इटी' लागलं की जोर 'बि'वर जातो आणि 'स्टे'चा नुसता 'स्ट' उरतो, स्ट-बि-ल-टी. तसंच फार्-म-कॉ-ल-जी, पण 'फार्माकोलॉजिकल' म्हटलं की फार्-म-क-लॉ-जि-कल, म्हणजे 'कॉ'चा जोर उतरून 'लॉ'वर गेला! हे कळलं त्या दिवशी मला खरंच फार आनंद झाला होता. तेव्हापासून लांब शब्द मी शेवटाकडून बघते. 'शन' किंवा 'इक' असेल तर बहुतेक वेळा जोर त्याच्या लगेच आधी. पॉलिटिक्स, टेलिव्हिजन असे अपवाद आहेत, ते पाठच करावे लागतात.

शब्दाचे तुकडे दाखवणाऱ्या ठिपक्यांवर मात्र विसंबू नका. काही अमेरिकन डिक्शनऱ्यांत ते ठिपके ओळ कुठे तोडायची त्यासाठी असतात, म्हणून 'अबिलिटी'चे तीनच तुकडे दिसतात आणि बोलताना चार येतात, कारण सुरुवातीचं एकटं अक्षर ओळीच्या शेवटी सोडत नाहीत.

ब्रिटिश-अमेरिकन दोन्ही बटणं आहेत हे बेस्ट. 'लॅबोरेटरी' ब्रिटिशमध्ये 'बॉ'वर, अमेरिकनमध्ये सुरुवातीच्या 'लॅ'वर. आमचे क्लायंट अमेरिकन, मी तेच धरलं.

तक्रार एकच, औषधांची नावं फार कमी, आणि जी आहेत त्यातल्या बऱ्याच नावांना आवाजच नाही, नुसत्या खुणा. तेवढ्यासाठी एक स्टार कापला.