एका मोबाइलवर वर्गाची चाचणी : प्लिकर्स की गुगल फॉर्म?

आधी शाळेतले चालू स्थितीतले टॅब (टॅबलेट) मोजा. ४० मुलांत एकच मोबाइल फिरवायचा आणि प्रत्येकाला फॉर्म भरायला पाच मिनिटं धरायची, तर २०० मिनिटं जातात. पहिली ते चौथीच्या अशा वर्गात प्लिकर्स, म्हणजे कागदी कार्डांवरून उत्तरं टिपणारं ॲपच परवडतं. पाचवीच्या पुढे दहा-पंधरा टॅब आणि नेट असेल तर फॉर्म सरस.

प्लिकर्समध्ये प्रत्येक मुलाकडे एक क्रमांकित कागदी कार्ड असतं. उत्तराचं अक्षर वरच्या कडेला येईल असं कार्ड फिरवून धरलं की शिक्षक मोबाइलच्या कॅमेऱ्याने साऱ्या वर्गाची उत्तरं टिपतो. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं पाहून फारसा उपयोग होत नाही. अडचणी येतात त्या साध्याच: बोट काळ्या आकृतीवर येतं किंवा चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडतो, आणि कार्ड वाचलं जात नाही. जाड, बिनचकाकीचा कागद वापरा. अक्षरं बारीक आणि इंग्रजी असतात, म्हणून पहिली-दुसरीसाठी कार्डाच्या मागे त्या-त्या कडेलाच अ, ब, क, ड मोठं लिहून द्या.

फॉर्ममध्ये उत्तर लिहून घेता येतं, हा त्याचा खरा फायदा. पण स्वयंतपासणी लिहिलेलं उत्तर अक्षरशः जुळवून पाहते. उत्तरसूचीत फक्त २६ असेल आणि मुलाने तीच संख्या इंग्रजी अंकांत लिहिली, तर गुण शून्य. दोन्ही रूपं सूचीत घाला. नावही टंकायला लावू नका. एकाच मुलाची तीन नावं तयार होतात. हजेरी क्रमांकाचा ड्रॉपडाउन द्या.

साधन कोणतंही घ्या, खरी मेहनत पर्यायांवर करावी लागते. ५२ − २७ हा प्रश्न वाया जातो. लहान अंक मोठ्यातून वजा करणारा ३५ म्हणतो आणि दशक सुटा करून तो दशकांतून कमी करायला विसरणाराही ३५च म्हणतो. ५३ − २७ द्या: बरोबर २६, पहिली चूक ३४, दुसरी ३६, बेरीज केली तर ८०. आता कोणाला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायचे हे कळतं. नुसती टक्केवारी त्यासाठी कुचकामी, शिवाय चार पर्यायांत अंदाजानेही सरासरी चारातलं एक उत्तर बरोबर येतंच.

वाचनाला मात्र दोन्ही निरुपयोगी. न वाचलेला उतारा द्या, मोबाइलच्या रेकॉर्डरवर एक मिनिट ध्वनिमुद्रण करा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं लक्ष्य दुसरीला मिनिटाला ४५ ते ६०, तिसरीला किमान ६० शब्द आहे, तेही अर्थ समजून. म्हणून लगेच उताऱ्यावरचे दोन प्रश्न तोंडी विचारा.